नाबाद असताना

लंडन, १८ सप्टेंबर १९५८

प्रिय मॉड,

सुखरूप पोचले. तुझ्या प्लमच्या जामचं झाकण गाडीत सैल झालं आणि माझा एक बरा स्कर्ट कायमचा जांभळा झाला. उरलेला जाम मात्र फार चांगला आहे, रोज पावावर घालून खाते.

आता कामाचं. कोशाच्या नव्या आवृत्तीत 'मिसकन्स्ट्रू' हे क्रियापद माझ्या वाट्याला आलंय. जुन्या आवृत्तीत त्याखाली सगळी वकिलांची आणि धर्मोपदेशकांची वाक्यं आहेत, कुणी मृत्युपत्राचा भलता अर्थ लावला, कुणी देवाच्या शब्दाचा. आमच्या साहेबांना आता चालत्याबोलत्या माणसांची वाक्यं हवी आहेत. तुझ्या गावात हा उद्योग दिवसभर चालतो, तेव्हा जरा कान उघडे ठेव आणि कुणी तो शब्द वापरला तर मला कळव.

पण नीट ध्यानात घे. एखादी गोष्ट न समजणं म्हणजे मिसकन्स्ट्रू करणं नव्हे. न समजलेला माणूस निदान गप्प तरी बसतो. इथे माणसाला सगळं नीट दिसलेलं असतं, नीट ऐकू आलेलं असतं. मग तो ते सगळं आपल्या मनाने जोडतो आणि त्यातून भलताच अर्थ उभा करतो, तोही अगदी छातीठोकपणे. गैरसमज आपोआप होतो. हे मात्र माणूस स्वतः, मेहनत घेऊन करतो.

टोरांटोच्या जागेबद्दल ऑक्टोबर संपायच्या आत कळवायचंय. तीन वर्षं जायचं, तिथली नवी शाखा सांभाळायची. सेहेचाळिसाव्या वर्षी कुणी मला कशाचं प्रमुख करेल असं वाटलं नव्हतं. बहुतेक जाईन.

शनिवारच्या क्रिकेट सामन्यानंतर तुमच्या गुरांच्या डॉक्टरांना, रॅडलींना, गावाने डोक्यावर घेतलं असेल. मी बसमध्ये बसले तेव्हा ते व्हिकरसाहेबांशी हात मिळवत होते. फार खुशीत दिसले.

तुझी,
हिल्डा

*

ब्रॅकनहॅम, २३ सप्टेंबर

प्रिय हिल्डा,

तुझं क्रियापद मी जेवताना आर्थरला विचारलं. तो म्हणाला, "हा शब्द मी जन्मात एकदाच वापरला, तुझ्या आईशी बोलताना. काही उपयोग झाला नाही." हे माझ्या नवऱ्याचं वाक्य, कोशात घालायचं तर घाल.

डोक्यावर घेतलं म्हणजे काय, गाव अजून त्याला खाली ठेवायला तयार नाही. तू नेमकी बसमध्ये चढलीस, म्हणून तुला सगळं कळलं नसेल. शेजारच्या स्टोक मॅलरीला आपण लढाईच्या आधीपासून हरवलेलं नाही. जिंकायला नऊ धावा हव्या होत्या, एडविन रॅडली एकेचाळीसवर खेळत होता आणि त्याच्यामागे फक्त आमचा आर्थर उरला होता, म्हणजे कुणीच उरलं नव्हतं. त्यांच्या क्रॉकचा चेंडू एडविनच्या बॅटीजवळून मागे गेला आणि मागच्याने तो धरला. क्रॉकने आपलं सवयीने विचारलं. अंपायर पेटिफर, तोच तो चर्चात ऑर्गन वाजवणारा, त्याने सरळ मान हलवली की बाद नाही. आणि एडविनने बॅट काखेत मारली आणि तो निघाला.

बॅटीला चेंडू लागल्याचं आपल्याला ठाऊक असलं की अंपायर काही का म्हणेना, आपणहून चालू लागायचं, ही आपल्याकडची जुनी रीत. पण आजकाल पाळतो कोण, आणि तेही स्टोक मॅलरीविरुद्ध? लोक उठून उभे राहिले. आर्थर गेला आणि पहिल्याच चेंडूवर त्रिफळा उडवून घेऊन आला. आपण हरलो आणि तरी सगळे टाळ्या वाजवत होते. आपला कर्णधार बर्ट लव्हिंग्टन, एवढा आडदांड खाटीक, पण तोही डोळे पुसत होता. रविवारी व्हिकरने चर्चमध्ये यावरच प्रवचन झोडलं.

गंमत अशी की ज्याच्यावर प्रवचन झालं तो मधूनच उठून बाहेर गेला. सारखा तोंड पाडून हिंडतो. परवा आमच्या गाईला बघायला आला होता. मी म्हटलं, "एडविन, तू गावाचं नाक राखलंस." तर म्हणाला, "मॉड, पुन्हा हे बोललीस तर तुझी गाय तूच बरी कर." असं हा माणूस कुत्र्याशीसुद्धा बोलत नाही.

पण माझ्या डोळ्यांतून काही सुटत नसतं. तो रोज सकाळी पोस्टात जातो. खिडकीपाशी घुटमळतो, टपाल वाटणाऱ्या मिस पिनॉकशी दोन शब्द बोलतो आणि पडल्या चेहऱ्याने निघून येतो. रोज हं. गुरांच्या डॉक्टराला रोज कसलं टपाल येणार? अगं, त्याचं पिनॉकवर मन बसलंय आणि विचारायचं धाडस होत नाहीये. तिलाही सुगावा लागला असावा, नवी हॅट घेतली आहे.

तुझी,
मॉड

*

लंडन, ३० सप्टेंबर

प्रिय मॉड,

मिस पिनॉक चांगली बाई आहे. तिच्या अक्षराला वळण आहे. दोघांना माझ्या शुभेच्छा.

आता जे लिहिते ते आर्थरला वाचून दाखवू नकोस. सामन्याच्या आधीच्या गुरुवारी मी आणि रॅडली गिरणीपर्यंत फिरायला गेलो होतो. मी त्यांना टोरांटोबद्दल सांगितलं. ते कुंपण ओलांडेपर्यंत काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "शनिवारी सामना संपला की बस यायच्या आधी मला तुम्हाला एक सांगायचंय." बस एवढंच. ते मला थांबायला सांगणार हे उघड होतं. मी दोन दिवस विचार करत होते की काय उत्तर द्यायचं. मला उत्तर ठरवता आलं नव्हतं, हे तुला खरं सांगते. तीन वर्षांची जागा एका बाजूला आणि तो माणूस दुसऱ्या बाजूला, आणि दोन्ही मला हवं होतं.

शनिवारी पावसाने सामना लांबला. बस टेकडीवरून उतरताना दिसली, मी पिशवी उचलली आणि फाटकाशी जाऊन उभी राहिले. तेवढ्यात रॅडली मैदानातून निघाले. मी पाहिलं. पॅव्हेलियन फाटकाच्याच बाजूला, तेव्हा तोंड इकडे असणारच. मी बसमध्ये चढले, खिडकीशी बसले, आणि फाटक हाकेच्या अंतरावर असताना ते पॅव्हेलियनपाशी थांबून एकेकाशी हात मिळवत बसले. बस निघाली तरी त्यांनी मान वळवून पाहिलं नाही.

ज्याला काही सांगायचं असतं तो सांगतो, मॉड. त्यांनी दोन दिवसांत विचार बदलला आणि ते सांगणं जड जात होतं म्हणून टाळ्यांच्या आड लपले. मी शब्दांच्या अर्थात पंचवीस वर्षं काढली आहेत. माणूस गप्प राहिला तर त्याचा अर्थ मला लावता येतो. आणि आता तू पिनॉकबद्दल लिहितेस, म्हणजे सगळं जागच्या जागी बसलं.

वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू, फार वाईट वाटलं. पण आता निदान टोरांटोचं ठरवायला सोपं झालं.

हिल्डा

*

ब्रॅकनहॅम, ८ ऑक्टोबर

प्रिय हिल्डा,

दोन आठवडे माझ्या घरात राहिलीस, माझ्या हातचं खाल्लंस आणि गिरणीचं एक अक्षर बोलली नाहीस. बरं केलंस. मी गावभर केलं असतं, हे मलाही ठाऊक आहे.

पण बाई, तू उगाच मनाला लावून घेते आहेस. एडविनला मी शाळेत असल्यापासून ओळखते. त्याला बायकांशी बोलता येत नाही, म्हणून पिनॉकला कसं विचारावं हा सल्ला त्याला तुझ्याकडून हवा असणार. तू शहरातली, शिकलेली, शिवाय चाललेली कॅनडाला, म्हणजे बाहेर फुटायची भीती नाही. मला हे एका क्षणात कळलं.

इकडे नवीनच चाललंय. क्लबच्या वार्षिक जेवणाला, पंचवीस तारखेला, त्याच्या नावाचं बाक मैदानावर बसवायचं जाहीर करणार आहेत. बाकावर पितळी पट्टी, 'नाबाद असताना जो स्वतःहून गेला'. हे व्हिकरने सुचवलं. एडविन दोनदा नको म्हणाला. तिसऱ्यांदा बर्टच्या दुकानात जाऊन ओरडला, सगळ्या गिऱ्हाइकांसमोर. बर्ट म्हणतो, "किती तो विनय! असा माणूस पुन्हा होणे नाही." आता बाक आणखी लांब करणार आहेत.

आणि घाईने त्या कॅनडावाल्यांना कळवू नकोस. तिकडे तुझं कोण आहे?

मॉड

*

लंडन, १५ ऑक्टोबर

प्रिय मॉड,

तुझा सल्ल्याचा तर्क वाचून मी मोठ्याने हसले आणि मग बराच वेळ काम झालं नाही.

होकाराचं पत्र लिहून ठेवलंय, साहेब महिनाअखेरीस दौऱ्यावरून आले की त्यांच्या हातात देईन. तिकडे माझं कुणी नाही हे खरं. इथे तरी कोण आहे? तू आहेस, पण तू तर पत्रातूनही तेवढीच ऐकू येतेस.

क्रियापदाचं टिपण जवळजवळ झालं. एक मजा सापडली. लोक हा शब्द नेहमी दुसऱ्याबद्दल वापरतात. 'माझ्या बोलण्याचा तुम्ही भलता अर्थ लावता आहात' असं शेकडो जण म्हणालेत. 'मी लावला होता' असं कबूल करणारे थोडे, तेही फार उशिरा. 'मी आत्ता लावते आहे' असं मात्र कुणीच, कधीच म्हटलेलं नाही. मला एकही वाक्य मिळालं नाही.

हिल्डा

*

ब्रॅकनहॅम, २६ ऑक्टोबर

हिल्डा,

आधी बस कुठेतरी. आणि ते होकाराचं पत्र दिलं नसशील तर देऊ नकोस.

काल क्लबचं जेवण झालं. मटण झालं, पुडिंग झालं, व्हिकरने भाषण केलं, बर्टने पितळी पट्टी वर धरून सगळ्यांना दाखवली. एडविन उठला. आम्हाला वाटलं, आभार मानतोय. तर म्हणाला, "त्या चेंडूला माझी बॅट लागलेली नाही."

कुणाला काही कळेना. बर्ट म्हणाला, "मग चाललास का, बाबा?" एडविन म्हणाला, "बस आली होती. बसमध्ये एक व्यक्ती जाणार होती आणि मला तिच्याशी बोलायचं होतं. मी फाटकाकडे चाललो होतो. वाटेत तुम्ही सगळे टाळ्या वाजवत आडवे आलात. व्हिकरसाहेबांनी हात धरला तो सोडला नाही. बस गेली. मग मला काही बोलायचं सुचलं नाही, आणि तुम्ही बोलूच दिलं नाहीत. बाक नको. मी नऊ धावा बाकी असताना संघ सोडून गेलो, ही खरी गोष्ट." आणि खाली बसला.

पहिला बोलला पेटिफर. म्हणाला, "मी बाद नाही असंच सांगितलं होतं. माझं इथे ऐकतं कोण?" मग बर्टचा चेहरा तांबडालाल झाला. "एका बाईसाठी? एकेचाळीसवर नाबाद असताना? स्टोक मॅलरीविरुद्ध?" एडविन म्हणाला, "हो." नुसतं हो. बर्टने पट्टी खिशात घातली आणि निघून गेला. आज सकाळी चर्चमध्ये एडविनच्या बाकावर कुणी बसलं नाही. त्याने चोरी केली असती तर लोकांनी एवढं मनावर घेतलं नसतं.

त्याने नाव घेतलं नाही. सगळ्यांच्या माना पिनॉककडे वळल्या, कारण तीही त्या बसमध्ये होती. मी तर तिला कोपराने ढोसलंसुद्धा. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "मिसेस हॅबरफील्ड, डॉक्टर रोज येऊन मला एकच विचारतात, लंडनहून काही आलंय का. दीड महिना मी त्यांना नाही म्हणतेय. आणि हॅट म्हणाल तर भाचीच्या लग्नासाठी घेतली."

माझी अक्कल कुठे चरायला गेली होती, हिल्डा? रोज पोस्टात जातो हे मी पाहिलं, पडल्या तोंडाने परत येतो हेही पाहिलं. सगळं बरोबर पाहिलं आणि नेलं कुठल्या कुठे.

तो तुझ्यासाठी निघाला होता. माझी आता खात्री आहे, आणि या वेळची खात्री निराळी आहे. आता कॅनडा विसर आणि इकडे ये. गाव चार दिवस रागावेल, मग गप्प बसेल. वरची खोली मी झाडून ठेवते.

मॉड

*

लंडन, २८ ऑक्टोबर

प्रिय मिस्टर रॅडली,

क्लबच्या जेवणाच्या वेळी काय झालं ते मला मॉडने कळवलं. तिच्या तर्कांवर मी आता विसंबत नाही, आणि माझ्या स्वतःच्या तर्कांवर तर मुळीच नाही, म्हणून सरळ विचारते.

त्या शनिवारी तुम्ही माझ्यासाठी निघाला होतात का?

असं असेल तर दीड महिन्यात मला एक ओळ का लिहिली नाहीत? मी खिडकीशी बसून तुम्हाला हात मिळवताना पाहिलं आणि समजले की तुम्हाला माझ्याशी बोलायचं नाही. हे मी इतक्या खात्रीने समजले की तुम्हाला विचारण्याची मला गरजच वाटली नाही. त्याची मला लाज वाटते.

टोरांटोचं उत्तर मला शुक्रवारी द्यायचं आहे. तुम्हाला मला थांबवायचं असेल तर तसं लिहा. मी थांबेन असं वचन देत नाही. ती जागा मला मनापासून हवी आहे आणि ती मी सोडली तर पुढे कधीतरी त्याचा राग तुमच्यावर काढेन, हेही आताच सांगून ठेवते. पण तुम्ही विचारलंत तर मी विचार करीन. विचारलं नाहीत तर जाईन.

हिल्डा थॉर्नबी

*

ब्रॅकनहॅम, २९ ऑक्टोबर

प्रिय हिल्डा,

हो. तुमच्यासाठीच निघालो होतो.

लिहिलं नाही, कारण मला वाटलं तुमचं उत्तर मला मिळालं आहे. मी निघालो तेव्हा तुम्ही फाटकाशी उभ्या होतात आणि सरळ माझ्याकडे बघत होतात. मग तुम्ही वळून बसमध्ये चढलात. मी मनाशी म्हटलं, तिने मला येताना पाहिलं, मी काय विचारणार ते ओळखलं आणि निघून गेली. याहून स्पष्ट काय असतं? तरी रोज पोस्टात जात होतो. का ते मला नीट सांगता येणार नाही.

गावातलं फारसं मनावर घेऊ नका. बर्ट मला मटण देत नाही, पण काल त्याचा घोडा लंगडायला लागला तेव्हा त्याला माझ्याचकडे यावं लागलं. पूर्ण वेळ घोड्याशीच बोलत होता.

आता तुमच्या पत्रातल्या एका गोष्टीबद्दल. तुम्ही असं धरून चालला आहात की मला तुम्हाला थांबवायचं होतं. हे तुम्ही कुठून काढलंत? मी तसं कधी म्हटलं नव्हतं. गुरुवारी गिरणीच्या वाटेवर तुम्ही त्या जागेबद्दल बोलत होतात तेव्हा तुमचा चेहरा मी पाहिला होता. तो चेहरा पाहून तुम्हाला थांबवणारा माणूस गाढव म्हणायचा. मी गप्प होतो, कारण मनात हिशेब करत होतो. माझी वैद्यकी इथे सांभाळायला धाकटा भागीदार तयार आहे. कॅनडात परवाना मिळायला एक परीक्षा द्यावी लागते, तिची पुस्तकं मी शुक्रवारीच मागवली होती. ती आली आहेत. अर्धी वाचूनही झाली. तुमचं पत्र येत नव्हतं तरी वाचत होतो.

मी जाऊ नका म्हणायला येत नव्हतो. मला बरोबर न्याल का, हे विचारायला येत होतो. गाई तिकडेही आजारी पडतात.

तुमचा,
एडविन रॅडली

*

लंडन, ३१ ऑक्टोबर

प्रिय एडविन,

तुमचं पत्र कचेरीच्या जिन्यातच फोडलं आणि तिथेच पायरीवर बसून रडले. वर जाताना साहेब भेटले. म्हणाले, वाईट बातमी का? मी त्यांना काही सांगितलं नाही, त्यांना काय वाटायचं ते वाटू दे.

त्यांच्यामागोमाग आत गेले आणि होकार देऊन आले. दोघांचा.

हिल्डा